होडीला द्यायचं नाव

हे बँकेतून निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत यांनी होडी घेतली. इथल्या मराठी मंडळींना त्याचं फार हसू आलं. गुडघ्याला पट्टा बांधून फिरणाऱ्या माणसानं कोलकात्यात होडी घ्यायची म्हणजे काय! पण यांचं लहानपण मालवणच्या बाजूला खाडीकाठी गेलेलं, तेव्हा हौस असेल, असं मी सगळ्यांना सांगत होते. मी स्वतः इथलीच. वडील नोकरीच्या निमित्तानं आले आणि बालीगंजात कायमचे राहिले. मला पोहता येत नाही, पाण्याची ओढही नाही.

बारुईपूरच्या पुढे यांच्या एका जुन्या सहकाऱ्याची पेरूची बाग आहे आणि बागेत मोठं तळं. तो मुलाकडे परदेशी गेल्यापासून बाग एक बाई सांभाळते, आमच्याच वयाची, एकटी. तिथं होडी ठेवायला परवानगी मिळाली. रविवारी सकाळी पोळीभाजीचा डबा घेऊन आम्ही बालीगंज स्टेशनातून गाडी धरायचो आणि दिवसभर तळ्यावर असायचो. होडी एका कोळ्याची जुनी, दोन मोठी माणसं आणि फार तर एक मूल बसेल एवढी. यांनी ती खरवडली, फटी बुजवल्या, खालून डांबर लावलं, वरून निळा रंग दिला. मग म्हणाले, "आता नाव ठेवायला हवं. आमच्याकडे बिननावाची होडी पाण्यात घालत नाहीत."

मुलगा बेंगळुरूला असतो. त्याला व्हिडिओ कॉल केला. तो म्हणाला, "पेन्शन ठेवा." नात मागून ओरडली, "डॉल्फिन!" मी सुचवलं पाणकावळा, कारण तळ्यातल्या एका खुंटावर एक पाणकावळा रोज पंख पसरून वाळत बसायचा. ते सगळ्यांना आवडलं. हे नुसते हसले.

पुढच्या रविवारी मी घाटाच्या पायरीवर संत्री सोलत बसले होते. हे होडीपाशी खडू घेऊन वाकलेले. पांढऱ्या रंगानं लिहिण्याआधी अक्षरं खडूनं आखून घेत होते. झाल्यावर बाजूला सरकले, तेव्हा मी वाचलं.

ते नाव मी इथं लिहिणार नाही. तीन अक्षरी, साधं, कुठल्याही मराठी शाळेच्या हजेरीत सापडेल असं मुलीचं नाव होतं.

"ही कोण?" मी विचारलं.

"कोण म्हणजे? नाव आहे."

"पण कुणाचं?"

"होडीचं," हे म्हणाले, आणि हात झटकून खडूची धूळ उडवली.

हवा दमट होती, रंग वाळला नसता, म्हणून त्या दिवशी ते खडूतच राहिलं.

आमच्या दोन्ही घरांत त्या नावाचं कुणी नाही. सासूबाई, नणंदा, आत्या, माम्या, सगळ्या आठवून पाहिल्या. मग माझं मन जबलपूरला गेलं. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी यांची तिथं बदली झाली होती आणि मुलाच्या शाळेमुळे मी आणि मुलगा इथंच राहिलो होतो. या वयात असल्या शंका काढताना मला हसू येत होतं, पण त्या जात नव्हत्या.

आणि ते नाव माझ्या मागं लागलं. गडियाहाटच्या बाजारात एका बाईनं मागून तीच हाक मारली. बंगाली तोंडात पहिलं अक्षर जरा गोल झालेलं, पण नाव तेच. मी वळून पाहिलं, तर एक शाळकरी मुलगी रिबिनींच्या गाड्यापाशी रेंगाळलेली. दोन दिवसांनी शिकवणीच्या जाहिरातीत पहिल्या आलेल्या मुलींमध्ये तेच नाव. हे योगायोग म्हणून सोडून देता येत होतं. पण घरात, पाण्याच्या बाटल्या भरताना किंवा कपड्यांच्या घड्या करताना, पलीकडच्या खोलीत कुणीतरी ते नाव आत्ताच उच्चारलं असं वाटायचं. मी जाऊन बघायची. खोलीत कुणी नसायचं. ऐकल्यासारखं वाटायचं ते फक्त शेवटचं अक्षर, हाक संपताना लांबतं तसं.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही होडीत बसून तळ्याच्या मध्यापर्यंत गेलो. तिथं मी एकदाचं विचारलं, "जबलपूरची कुणी होती का?"

हे हसले. मग वल्हं मांडीवर आडवं घेतलं आणि हसू थांबलं.

"आपली होती," हे म्हणाले. "आपली."

मला कळायला वेळ लागला नाही.

मुलाच्या आधी आम्हाला एक मुलगी झाली होती. हिवाळ्यात, भवानीपूरच्या एका नर्सिंग होममध्ये. संध्याकाळपर्यंत जगली. माझी अवस्था बिकट होती. मी शुद्धीवर आले तोवर सगळं उरकलेलं होतं. वडील उशाशी बसले होते. म्हणाले, "झालं बाळा सगळं. आता त्याबद्दल विचारायचं नाही." मी विचारलं नाही. एवढ्या लहान जिवाला पुरतात हे मला माहीत होतं, तेवढं मी धरून चालले. मनातल्या मनात मी तिला 'ती' म्हणायची. घरात तिच्यासाठी तेवढाही शब्द नव्हता.

"पुरलं नाही," हे म्हणाले. "तुझे वडील म्हणाले, एवढ्याशा जिवाला गंगेत सोडतात. सकाळी घाटावर गेलो. होडीवाला एकटाच होता आणि धार जोरात होती, म्हणून दुसरं वल्हं मी घेतलं. ती त्यांच्या मांडीवर होती. मधे गेल्यावर त्यांनी माझ्याकडे दिली. सोडायच्या आधी मला वाटलं, हिला एकदा हाक तरी मारावी. तर हाक काय मारणार? तोंडात आलं ते नाव घेतलं. ठरवलेलं काही नव्हतं."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं. तुझे वडील रडायला लागले. परत येताना म्हणाले, हे घरी काढायचं नाही, तिला सोसणार नाही. मी शब्द दिला."

"ते जाऊनसुद्धा पुष्कळ वर्षं झाली."

"हो," हे म्हणाले. "पण मग कुठल्या दिवशी काढायचं? जेवताना?"

मी म्हटलं, मला काठाला न्या. यांनी नेलं. पायरीवर बसल्यावर मला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप. ती नदी मी किती वेळा ओलांडली होती! हावडा स्टेशनवर पाहुण्यांना आणायला, पोचवायला, मी कधी पुलावरून बसनं गेले नाही. लाँचनं जायचे, वारा लागतो म्हणून. मुलगा लहान असताना कठड्याला लटकून पाण्यात चुरमुरे टाकायचा आणि मी त्याला मागून धरून हसायची. हे मात्र लाँचवर चढले की चपला काढून अनवाणी उभे राहायचे. मला वाटायचं, गंगा म्हणून.

"ते नाव पुसा," मी म्हटलं. "होडीला द्यायचं का ते? लोक त्यावर पाय देऊन चढतील."

यांनी रुमाल भिजवला आणि पुसलं. खडू गेला, पण निळ्या रंगावर अक्षरांच्या जागा जरा फिकट राहिल्या. गाडीत आम्ही समोरासमोर बसलो होतो आणि बालीगंज येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले.

दोन-तीन दिवसांनी मीच म्हटलं, जागा दाखवा. दुपारची लाँच घेतली. हे कठड्याशी उभे राहून दोन्ही काठ बघत होते. तेव्हा एका गिरणीच्या उंच चिमणीची खूण होती म्हणाले. ती चिमणी आता नाही. "इथं," असं म्हणाले, आणि लगेच, "नाही, थोडं खाली." तोवर लाँच पुढं गेलेली. जलपर्णीचा एक पुंजका शेजारून वाहत गेला. मला हाक मारायची होती, पण शेजारी कॉलेजची मुलं फोटो काढत होती. मी ते नाव साध्या आवाजात म्हटलं, स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या. पहिल्यांदाच. काही झालं नाही. यांनी ऐकलं आणि मान खाली घातली. त्या दिवशीही पायांत चपला नव्हत्या.

त्या संध्याकाळी मी मुलाला फोन करून सगळं सांगितलं.

"म्हणजे मी दुसरा?"

"हो रे."

"नाव काय म्हणालीस?"

मी पुन्हा सांगितलं. त्यानं ते एकदा म्हणून पाहिलं. मग दुसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा पुढं 'ताई' लावलं. केस पिकायला लागलेला माझा मुलगा, ज्याचं मराठी निम्मं हिंदीतून येतं, त्याला ते लावायचं सुचलं. तेव्हा मला रडू आलं.

रविवारी मी यांच्या हातून ब्रश घेतला. म्हटलं, मी लिहिते, कुठं ते सांगा. हे म्हणाले, "आधी होतं तिथंच, पुढच्या टोकाला. नाळेवर." होडीच्या त्या टोकाला नाळ म्हणतात हे मला तोवर माहीत नव्हतं. मी ब्रश धरून थोडी थांबले. मग फिकट राहिलेल्या जागांवरूनच पांढरी अक्षरं काढली. मधलं अक्षर जरा मोठं झालंय.

बाग सांभाळणारी बाई मला बौदी, म्हणजे वहिनी म्हणते. तिला आम्ही काही सांगितलं नाही. ती शाळेत थोडं हिंदी शिकलेली, तिनं नाव वाचलं आणि वापरायला लागली. आमच्यासारखं 'होडी' किंवा तिच्यासारखं 'नौको' न म्हणता ती नावानंच बोलायची. बंगालीत तो, ती, ते असा फरक नसतो, त्यामुळे ती कुणाबद्दल बोलतेय हे तिच्या बोलण्यावरून ओळखता येत नाही.

वैशाखात एका संध्याकाळी मोठं वादळ झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा गाळत असताना तिचा फोन आला. आधी नाव घेतलं, मग म्हणाली, "बौदी, कालच्या वादळात दोर तुटला. पाण्यात मधोमध गेलीय. एकटीच गोल गोल फिरतेय."

माझ्या हातातून गाळणं पडलं. "तिला कुणी धरलं नाही?" मी मराठीतच ओरडले. हे आतून धावत आले.

ती बाई घाबरली. पुन्हा पुन्हा सांगत राहिली, तळ्यातच आहे बौदी, चारी बाजूंनी काठ आहे, जाईल कुठं?

आम्ही मिळेल त्या गाडीनं गेलो. वाऱ्यानं होडी पलीकडच्या काठाला लागली होती, पेरूच्या वाकलेल्या फांद्यांखाली. निम्मी पाण्यानं भरलेली, आत पानं आणि कच्चे पेरू तरंगत होते. यांचे गुडघे, म्हणून मीच साडी खोचून पाण्यात उतरले. चिखलात पाय रुतत होता. नाळेला हात लावून मी तिला काठाशी ओढली, आणि दोघांनी मिळून डब्यानं पाणी उपसलं. नावाच्या अक्षरांना काही झालं नव्हतं.

आता दोर दुहेरी आहे. तरी आठवड्यात मधेच जोराचा पाऊस झाला की हे स्पीकरवर बागेत फोन लावतात. "कशी आहे?" एवढंच विचारतात, नाव घेऊन. मी स्वयंपाकघरात गॅस बारीक करून उभी राहते. पलीकडून ती बाई फोन तसाच धरून बघायला जाते. तिच्या चपलांचा चिखलातला आवाज इथवर येतो. ती परत येऊन सांगेपर्यंत मी भाजी ढवळत नाही.