आतोबांची शिक्षा

माणसाला कामाला लावायची विद्या अख्ख्या झाशीत एकट्या आमच्या आतोबांनाच येत होती, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. राहायला खंडेराव गेटात, आणि नोकरीने मालगाडीचे डबे दुरुस्त करणाऱ्या शेडमधले मिस्त्री. मी तिथेच कारकून, त्यामुळे त्यांचा उत्साह रोज अंगावर घ्यायचो. भोंग्याच्या आधी अर्धा तास हे हजर! कुणी नुसता बोल्ट पिळला तरी "वाह भैया, वाह!" म्हणून टाळ्या. कुणी डुलकी काढताना सापडला, तर त्याच्या कानाशी चाकावर हातोडीने भूपाळीचा ठेका. घरी गणपतीला ओवाळतानासुद्धा टोळीतल्या एकेका आळशाचं नाव घेऊन त्याच्यासाठी बुद्धी मागायचे. आत्या वैतागायची, "अहो, देवाला तरी रोजची हजेरी ऐकवू नका!" माझ्या टोळीतून माणूस जातो तो पेन्शनीतच, अशी त्यांची मिजास होती.

ती मिजास बरुआसागरच्या हरदयालने पणाला लावली. नवे डबे आत आले की हा गडी पाणी प्यायला म्हणून जो जाई, तो जेवणाच्या सुट्टीलाच उगवे. टाळ्या झाल्या, भूपाळी झाली, गणपतीही थकला. शेवटी साहेबांनी बजावलं, शनिवारपर्यंत सुधारला नाही तर नाव कमी करीन. आतोबांची हिंदी एरवी फर्डी, पण संतापले की घरची मराठी मध्ये घुसायची. ते कडाडले, "हरदयाल, कल से तुम्हें शिक्षा मिलेगी!"

दुसऱ्या दिवशी भोंग्याआधी हरदयाल दारात! केसांना चप्प तेल, काखेत पाटी.

"ये क्या है?" आतोबांनी विचारलं.

"आपई ने तौ कई ती मिस्त्री जी, शिक्षा मिलहै. हम पढ़बे आए."

हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे रागाच्या भरात आतोबा साफ विसरले होते. ते काही बोलणार, तेवढ्यात तो खालच्या आवाजात म्हणाला, "डब्बा पे का लिखो है, हमसें बँचत नइयाँ."

कुठल्या डब्याचं काय बिघडलंय ते खडूने डब्यावरच लिहिलेलं असे. वाचता येत नाही हे कळू नये, म्हणून बिचारा पाण्याला पळत होता! झालं, आतोबांना असा चेव चढला की विचारू नका. पाटी गेली कोपऱ्यात, डबाच फळा झाला. फिरून फिरून तेच दहा-बारा शब्द असत, ते त्यांनी त्याच्याकडून शनिवारपर्यंत घोटून घेतले. शनिवारी साहेबांच्या समोर हरदयाल खणखणीत ओरडला, "ब्रेक ढीला!" आणि पाना घेऊन डब्याखाली घुसला. आतोबांनी तिथल्या तिथे उडी मारली, तीही साहेबांच्या पायावर.

आतोबा निवृत्त झाले त्या दिवशी दुरुस्त डब्यांची गाडी शेडमधून निघाली. शेवटच्या डब्यावर खडूची मोठाली वाकडी अक्षरं होती: "मिस्त्री जी, शिक्षा पूरी." हरदयाल बाजूला मान खाली घालून उभा.

आतोबा हसले, मग डोळे पुसत मला म्हणाले, "हे मराठीत वाच रे. त्याची संपली, माझी आजपासून सुरू."

गाडी सिग्नलपलीकडे गेली तरी ते तिथेच उभे होते.