सकाळी सहाला रात्र

"मॅडम, पाचही बायकांना सकाळच्या शिफ्टमधून काढायचंय. संध्याकाळपर्यंत पत्रं बनवा."

फोनवर नितीनशेठ होते. मुलुंड पश्चिमेला त्यांचं किराणा-भाजीचं मोठं दुकान आहे, आणि मी त्यांची लेबर कन्सल्टंट. म्हणजे कामगारांची हजेरी, रजा, सरकारी खात्याची पत्रं, सगळं माझ्याकडे.

"काढायचंय म्हणजे?"

"दहा ते सहा करा त्यांना. जमत नसेल तिने नोकरी सोडावी. मला नोटीस परवडत नाही."

नोटीस आली ती भलत्याच कारणाने. दुकान सातला उघडतं, पण भाजीचा टेम्पो वाशीहून साडेपाचला येतो. वरच्या सोसायटीने आवाजाची तक्रार केली. तपासायला कामगार खात्याचे अधिकारी आले. लोक अजून त्यांना इन्स्पेक्टरच म्हणतात. नव्या कायद्यात हुद्द्याचं नाव सुविधाकार आहे. आवाज हा आपला विषय नाही, असं त्यांनी सोसायटीला सांगितलं. पण आलोच आहोत तर म्हणून हजेरीचं रजिस्टर मागितलं. पाच बायकांच्या नावापुढे इन-टाइम सहा. त्यांनी रजिस्टरचा फोटो काढला आणि पंधरा दिवसांत खुलासा द्या म्हणून लिहून दिलं.

इथे थोडं समजावून सांगते. महाराष्ट्रात आता बहुतेक दुकानं चोवीस तास उघडी ठेवता येतात. बार, परमिट रूम अशांच्या वेळा वेगळ्या ठरवलेल्या आहेत. त्यावरून मालकांना वाटतं, कामाला कुणालाही कधीही बोलावता येतं. तसं नाही. बाई कामगारासाठी कायद्यातली रात्र साडेनऊला सुरू होते आणि सकाळी सातला संपते. त्या वेळात बोलवायचं तर तिची संमती हवी, सुरक्षेची सोय हवी आणि दारापर्यंत पोचवायला वाहन हवं. अगदी छोट्या दुकानांना यातलं बरंचसं लागू नाही. नितीनशेठकडे अठ्ठावीस माणसं होती. त्यांना सगळं लागू होतं.

मी पत्रं बनवली नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला दुकानात गेले.

मागच्या खोलीत पाचही जणी मेथीच्या जुड्या बांधत होत्या. त्यांच्यातली मुख्य सुरेखा. पंचेचाळिशीची, कुडाळची, राहायला भांडुपला. मी नोटिशीचं सांगितलं. तिने हातातली जुडी बांधून पूर्ण केली आणि मग मान वर केली.

"सहा वाजता रात्र? मॅडम, आमच्याकडे तोपर्यंत पाणी येऊन गेलेलं असतं."

सगळ्या हसल्या. ती हसली नाही. तिच्या सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आलेला. त्यांना एकटं ठेवता येत नाही. नवरा ठाण्याला सेकंड शिफ्टला, अडीचला घरातून निघतो. ती दोनला सुटते आणि अडीचच्या आत घरी पोचते. दहा ते सहा केलं तर नोकरी सोडण्याशिवाय तिला दुसरा मार्ग नव्हता.

"आमची संमती आहे," ती म्हणाली. "कुठे सही करायची सांगा. पाचही जणी करतो."

मला बरं वाटलं. खरं तर येतानाच मी मनात खुलासा लिहून टाकला होता. कायद्यातलं वाक्य बाईला कामावरून घरी पोचवण्याबद्दल आहे. आमच्या बायका घरी जायच्या ते भर दुपारी. म्हणजे वाहनाचा प्रश्नच नाही, फक्त संमती घ्यायची. शेठना फोनवर हे सांगितलं तर ते एकदम खूश.

"झकास! एका कागदावर पाच नावं टाका, सह्या घ्या, विषय संपला."

तेवढ्यावर मी अडले. संमती प्रत्येकीची हवी, तर कागदही प्रत्येकीचा हवा. एका कागदावर पहिली सही सुरेखाची झाली, की बाकीच्या तिच्याकडे बघून करणार. मी पाच फॉर्म काढले आणि मॅनेजरची केबिन मागून घेतली. एकेकीला आत बोलावलं. फॉर्म मोठ्याने वाचून दाखवला. नाही म्हणालात तरी नोकरी जाणार नाही, हेही सांगितलं. हे वाक्य शेठना विचारून म्हटलेलं नव्हतं.

चौघींनी सह्या केल्या. शेवटी रजनी आली. चोविशीची, सगळ्यांत कमी बोलणारी. तिने फॉर्म स्वतः वाचला. मग टेबलावर ठेवला.

"मी नाही केली तर चालेल?"

"चालेल. पण कारण सांगाल का? सांगायलाच पाहिजे असं नाही."

मग तिने सांगितलं. थंडीत पावणेसहाला काळोखच असतो. ती नाहूरहून एकटीच चालत यायची. वाटेतल्या पुलावरचा एक दिवा बंद. एक माणूस रोज तिथे उभा असायचा. आधी नुसतं बोलायचा, मग मागे यायला लागला. एकदा त्याने ओढणी धरली. ती ओढणी तिथेच सोडून धावत दुकानात आली आणि मेथी निवडायला बसली.

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"सुपरवायझरला म्हटलं, मला सात वाजताचं द्या. ते म्हणाले, सातला यायचं तर येऊच नको."

मी फॉर्म परत घेतला. सकाळपासून जो कायदा मला येडपट वाटत होता, तो या मुलीसाठी बरोबर होता. आणि मी नेमका त्यातून पळवाट काढायला आले होते. लाज वाटली, लपवत नाही.

रजनी बाहेर गेली, तर तिचा चेहरा बघून सुरेखाला कळलं.

"काय गो, सही करूक तुका काय झाला होता? तुज्यामुळे सगळ्यांची जातली!"

मी मध्ये पडले. "सुरेखाताई, तुमची जाणार नाही. ते माझ्याकडे लागलं." हे मी कशाच्या जोरावर बोलले, मलाही माहीत नव्हतं.

शेठकडे गेले. रजनीचं नाव न घेता पुलावरचं सांगितलं. आता येण्यासाठीही वाहन हवं, असंही म्हणाले.

"तुम्हीच म्हणालात ना, वाहन लागत नाही?"

"कायद्याच्या शब्दात लागत नाही. पण उद्या पुलावर काही झालं तर नोटीस येणार नाही, पोलीस येतील."

शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांना दोन मुली आहेत. पण ते विरघळले ते त्यामुळे की पोलीस या शब्दामुळे, ते मी विचारलं नाही. त्यांनी भांडुपच्या तिघींसाठी महिन्याच्या बोलीवर रिक्षा लावली. चौथी समोरच्याच गल्लीत राहायची. तिला घ्यायला दुकानाचा वॉचमन जाणार असं ठरलं. रजनीची वेळ सात ते तीन. मागच्या खोलीत एक कॅमेराही बसला.

खुलासा घेऊन मी सुविधाकारांकडे गेले. त्यांनी पानं उलटली आणि पाचव्यावर थांबले.

"एकीने संमती दिलेली नाही, असं तुम्हीच लिहून देताय?"

"हो. म्हणून तिची वेळ बदलली. नवा हजेरीपट मागे लावलाय."

"लोक असला कागद फाईलमधून काढून टाकतात, मॅडम." ते चष्मा पुसत म्हणाले. "पाचपैकी पाच सह्या आल्या की मी प्रत्येकीला बोलावून विचारतो. इथे चारच आहेत. म्हणजे विचारलेलं दिसतंय."

नोटीस निकाली निघाली.

सुरेखा महिनाभर रजनीशी बोलली नाही. नंतर कधीतरी बोलायला लागली. कशी, ते मला माहीत नाही. पुलावरच्या दिव्याची तक्रार मी वॉर्ड ऑफिसला दोनदा केली. तो लागायला चार महिने गेले.

माझ्या ऑफिसात आता संमतीचा फॉर्म एका नावाचाच छापला जातो. खाली दोन चौकोन असतात, हो आणि नाही. क्लायंट म्हणतात, नाहीचा चौकोन कशाला ठेवता, उगाच कुणीतरी टिक करेल. मी म्हणते, त्यासाठीच ठेवलाय.