घरचा पहारा

संध्याकाळी आई दारात आली की वडील उंबऱ्याच्या आत ताठ उभे राहून तिला रिपोर्ट द्यायचे. "दूध तापवलंय. धाकटीचा अभ्यास झाला, थोरलीचा नाय. मांजर आत आलं होतं, हाकललं. बाकी सगळं ठीक हाय." आई खांद्यावरची पर्स काढत म्हणायची, "बरं बरं, सरका आता, पाय धुवू द्या." थोरली म्हणजे मी. माझ्या अभ्यासाची बदनामी अशी रोज उंबऱ्यावर व्हायची, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा फौजी आवाजात.

वडील गेले त्याला आता वर्ष होईल. लोक भेटतात आणि त्यांच्या लढाईबद्दल विचारतात. मला मात्र ते आठवतात ते हातात उलथनं घेतलेले.

ते हवालदार होते. बर्फाच्या डोंगरांवरची लढाई लढले, डाव्या पायाची दोन बोटं तिकडंच ठेवून आले आणि पुढं पेन्शन घेऊन कर्जतजवळच्या आमच्या गावी परतले. आई खालापूरला सरकारी कचेरीत कारकून होती. माहेर-सासर मिळून सरकारी खुर्चीत बसलेली ती पहिली बाई, आणि त्या खुर्चीवर तिचा जीव होता. वडील सरहद्दीवर असताना आम्हा दोघी बहिणींना आईची आई सांभाळायची. तिची नजर अधू झाली, ती मामाकडे राहायला गेली. वडील घरी आले आणि लगेच थोरल्या काकांनी आमच्या ओटीवर बैठक मांडली.

आमच्याकडं फौजेतून परतलेला माणूस कारखान्याच्या गेटवर उभा राहतो, हे ठरलेलंच असतं. काका म्हणाले, "अरं, साजगावच्या कंपनीत वॉचमन पायजे. तुझ्यासारखा गडी मिळाला तर लगेच घेतील. आन् तिनं आता घर बघावं. पोरी ल्हान हायेत, लई झाली नोकरी."

आई स्वयंपाकघराच्या दारात चहाचे कप घेऊन उभी होती. ती आत आली नाही, मागंही गेली नाही. 

वडिलांनी पायाची घडी सोडली. "पहाराच द्यायचा तर आपल्याच घराचा देतो की," ते म्हणाले. "ती कामावर जाईल. मी हाय घरी."

"बाईमानसाचं काम करनार तू?"

"पोरी माज्या नायत का?"

काका चहा न घेता उठले. आईनं त्यांचा कप स्वतःच पिऊन टाकला. इतक्या ऐटीत चहा पिताना मी तिला तोवर पाहिलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी हवालदारसाहेबांची चुलीवर नेमणूक झाली, आणि पहिल्याच चढाईत ते सपशेल आपटले. फौजेच्या लंगरात स्वयंपाक्यांना हात देऊन त्यांना गव्हाच्या रोट्या येत होत्या. त्याच तोऱ्यात त्यांनी तांदळाचं पीठ गार पाण्यात मळलं आणि लाटणं घेतलं. पोळपाटावरून भाकरी उचलली की तिचे तुकडे. पुन्हा गोळा, पुन्हा तुकडे. शेजारच्या काकी खिडकीतून बघत होत्या, त्यांना हसू आवरेना. "अवो भावजी, उकड काढा आदी! तांदूळ हाय तो, पंजाब नाय!" मग त्यांनीच आधण ठेवायला लावलं, त्यात पीठ टाकून वाफ काढायला लावली. तोवर सकाळच्या पिठाचे तुकडे तव्यावर भाजून नुसता चुरा झाला होता. आईनं रात्री तो चुरा आमटीत कालवून खाल्ला आणि चव चांगली आहे म्हणाली. साफ खोटं होतं.

महिन्याभरात त्यांच्या भाकऱ्या टम्म फुगायला लागल्या. वेण्या मात्र त्यांनी शेवटपर्यंत दोरखंडासारख्याच घातल्या. आमच्या भुवया वर ओढल्या जायच्या, आणि शाळेत बाई विचारायच्या, "एवढं आश्चर्य कसलं वाटतंय गं?" गावातले रिकामटेकडे त्यांना 'बिनपगारी हवालदार' म्हणायचे. मी भांडायला धावायची. वडील म्हणायचे, "म्हनू दे गं. त्यांच्या भाकऱ्या फुगतात का इचार."

आई घरी येईपर्यंत ते कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंतसुद्धा जात नसत. धाकटीनं एकदा कारण विचारलं, तेव्हा त्यांनी लढाईतली एकुलती एक गोष्ट सांगितली. डोंगरावरच्या चौकीवर पहाऱ्याला दोघं होते. जोडीदाराला गोळी लागली, त्याला खाली नेलं. बदलीची माणसं वर पोचू शकत नव्हती. हे एकटेच उभे राहिले, बोटं बर्फानं गेली ती तिथंच. "बदलीवाला येतो, आपन त्याला समदं सांगतो, तो 'चार्ज घेतला' म्हनतो," वडील म्हणाले. "मगच जागा सोडायची. तोवर नाय."

तेव्हा कळलं, उंबऱ्यावरचा रिपोर्ट ही गंमत नव्हती. आई भाजी निवडत ऐकत होती. पण दुसऱ्या दिवशीही ती तेच म्हणाली, "बरं बरं, सरका आता." मला तिचा राग आला होता.

वर्षं गेली. आई बढती घेत वरच्या टेबलावर गेली, आम्ही दोघी शिकलो, धाकटी लग्न होऊन नेरळला गेली. आईच्या निवृत्तीच्या दिवशी संध्याकाळी ती शाल आणि नारळ घेऊन गाडीतून उतरली. वडील उंबऱ्याच्या आत उभे होते, आता जरा वाकलेले. "दूध तापवलंय. बुद्धापुढं मेणबत्ती लावली. थोरली आलीय, मुक्कामाला हाय. बाकी सगळं ठीक हाय."

आईनं शाल आणि नारळ माझ्याकडं दिला. चपला काढल्या, पाय जोडले, मान वर केली. "चार्ज घेतला," ती म्हणाली. "नोकरी होती तवर कुठल्या तोंडानं म्हननार होते? दुसऱ्या दिवशी परत तुमच्यावरच टाकून जायची. आज घेतला. तुमी मोकळे."

वडील तिथंच उंबऱ्यावर बसले आणि ढसाढसा रडले. लढाईतून आलेला माझा बाप मी रडताना पाहिला तो त्या एकाच दिवशी.

सकाळी मी उठले तर स्वयंपाकघरात आवाज. वडील चुलीपाशी बसून उकड मळत होते. आई कमरेवर हात ठेवून उभी होती. "काल चार्ज घेतला ना मी? मग इथं काय करताय?"

"एकट्यानं लई उभा राह्यलो," वडील म्हणाले. "आता दोघं राहू." आणि त्यांनी शेजारचा पाट तिच्यासाठी पुढं सरकवला.