बेटावरची माती

तुळशीची कुंडी दिसली की ती घटना आजही आठवते, आणि वय विसरून मी एकटाच हसत बसतो. नोकरीत मी नाना प्रकारचा मुद्देमाल जमा करून घेतला, पण ज्याला रोज सकाळी पाणी घालावं लागलं असा मुद्देमाल तेवढा एकच.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. जिल्हा तेव्हा चांदा, आणि मी ब्रह्मपुरीला नवा ठाणेदार. माणूस मी वऱ्हाडातल्या कापसाच्या मुलखातला. धान मी ताटात वाढल्यावरच ओळखायचो. कार्तिक होता, तुळशीची लग्नं उरकली होती. गाव धानकापणीत गुंतलेलं, त्यामुळे ठाण्यात तक्रारीही कमी. अशाच एका निवांत सकाळी बाजारातले शिंपीचाचा आले आणि खुर्चीवर बसायच्या आधीच बोलू लागले.

"साहेब, गावात एक जहाजवाला आला हाय. बेटावर बंगले देऊन राह्यला लोकायले. अंगातला कोट मद्रासले जहाजावर भेटला म्हनते. अरे, तो कोट त मी शिवला! पितळेची बटनं बी माह्याच दुकानातली. माह्या दुकानातून जहाज कवा सुटलं, सांगा तुमी!"

मी रोजनामच्यात नोंद केली आणि हवालदाराला चौकशीला पाठवलं. हवालदार इथलाच, घरी धानाची शेती असलेला. तासाभरात तो खबर घेऊन परतला. जहाजवाल्याच्या गळाला लागलेला मासा एकच होता, जंगल खात्यातून निवृत्त झालेले एक रेंजर. त्यांनी बाजाररस्त्यावरचं राहतं घर जहाजवाल्याच्या नावे करून द्यायचं आणि बदल्यात दक्षिण समुद्रातल्या एका बेटावर नारळीच्या बागेतला बंगला घ्यायचा, असा सौदा ठरला होता. रजिस्ट्री परवा होती. घर नावावर झालं की हा पठ्ठ्या ते विकून पसार होणार आणि म्हातारी जोडी उघड्यावर येणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

जहाजवाल्याला ठाण्यात बोलावलं. आला तो हसतच. नकाशा, बंगल्याचं चित्र, इंग्रजी पत्र, सगळं टेबलावर नीट मांडलं. कोटाचं विचारलं तर म्हणाला, जुना कोट फाटला, तसाच नवीन शिवून घेतला, त्यात गुन्हा काय? त्याला जाऊ दिलं. मद्रासला चौकशीची तार केली, पण उत्तर रजिस्ट्रीच्या आधी येण्याची आशा नव्हती. फसवलं म्हणणारा फिर्यादी तर हवा! म्हणून दुपारी मीच रेंजरांच्या घरी गेलो.

रेंजर भलतेच खुशीत होते. चाचांकडूनच शिवून घेतलेला पांढरा सदरा-पायजमा त्यांनी मला कौतुकानं दाखवला.

"ठाणेदारसाहेब, तीस वर्षं जंगलात काढली. जिकडं पाहा तिकडं झाडंच झाडं. आता डोळ्यापुढं काईच नको मले. निस्तं पानी पायजे, दूरवर. तुमी काऊन आडवे येऊन राह्यले?"

ते आणखी कागद आणायला आत गेले. अंगणात त्यांच्या बाई तुळशीच्या कुंडीपाशी उभ्या होत्या. मी नमस्कार केला. त्यांनी केला तो एकाच हातानं. दुसऱ्या हाताची मूठ घट्ट मिटलेली होती. जी मूठ नमस्कारालाही उघडत नाही, तिच्यात काहीतरी असतं, हे मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकलो होतो.

"बाई, हातात काय आहे?"

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग मूठ उघडली. आत चार-पाच हिरवे कोंब होते. मला ते गवत वाटलं.

"लाखोळी हाय, भाऊ, डाळीचं पीक," त्या हळूच म्हणाल्या. "माह्या माहेरची रीत हाय, नव्या जागंची माती आनाची न् तिच्यात तुळस लावाची. तुळस धरली त जागा आपली. म्हनून मी बेटावरची माती मांगतली. त्यानं सामानातली म्हनून डबाभर आनून देली. तुळस त धरली, पन संग हे बी उगवलं."

"मग?"

"अवो, धान उभं असते तवाच बांदीत, धानाच्या ओल्या वावरात, लाखोळी फेकतेत. धान कापलं का हे वर येते. हे आपल्या इथचं. समुद्रात कोन पेरलं?"

"मग रेंजरांना सांगितलं का नाही?"

बाईंचे डोळे भरून आले. "आठ दिवसापासून सकाळीच उठून उपटून राह्यली. नोकरीत होते तवा हे जंगलातून येत, त तापानं फणफणत. मंग पेन्शनीत आले त निस्ते गुमान बसत. आता दिवसभर बेट-बेट करतेत, हासतेत. सांगीन सांगीन म्हनते, पन तोंडच उघडत नाई."

खरं सांगतो, मला त्या क्षणी जहाजवाल्याचा जेवढा राग आला, तेवढा नंतर कुठल्या दरोडेखोराचाही आला नाही.

"उद्या उपटू नका," एवढंच मी म्हणालो.

दुसऱ्या सकाळी ती कुंडी माझ्या टेबलावर होती. तुळशीभोवती नवे कोंब तरारून आले होते. एका बाजूला जहाजवाला बसला होता, दुसऱ्या बाजूला तोंड फिरवून रेंजर. मी साळसूदपणे विचारलं, "ही माती तुमच्या बेटावरची ना? मग ही वेल कसली?"

"समुद्रकाठची वेल आहे, साहेब. आमच्या बेटाशिवाय कुठे मिळायची नाही."

"हवालदार, जबाबात लिहा."

हवालदार लिहिणार कसला? तो पदर नसल्यामुळे टोपी तोंडाशी धरून हसत होता. रेंजरांनी वळून पाहिलं. मग उठले, एक कोंब खुडला, बोटांत चुरडला, तोंडात टाकला आणि चावत राहिले.

"लाखोळी," ते म्हणाले. "लहानपनापासून भाजी खाल्ली हिची."

जहाजवाल्याचं हसू मावळलं. त्यानं पाणी मागितलं आणि पेला संपायच्या आत कबूलही झाला. माती ती माती, असं समजून गावाबाहेरच्या शेतातून त्यानं डबा भरला होता. बंगल्याचं चित्र एका कॅलेंडरमधलं निघालं.

रेंजर मात्र कुंडीकडेच बघत होते. "झाड पाहून जंगल सांगनारा मानूस मी. माह्याच अंगनातलं दिसलं नाई मले?"

"दिसलं असतं," मी म्हणालो. "पण रोज तुम्ही उठायच्या आत कुणीतरी उपटत होतं."

त्यांनी कुंडी जवळ ओढली. मग नव्या सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसून म्हणाले, "लिहा फिर्याद."

कुंडी मुद्देमालात जमा झाली. निकाल लागेपर्यंत हवालदारानं तिला न चुकता पाणी घातलं, वर लाखोळीची भाजीही एकदा घरी नेली. त्याबद्दल मी त्याला दटावायला हवं होतं, पण नाही दटावलं. जहाजवाल्याला शिक्षा झाली आणि कोर्टानं तुळस बाईंना परत दिली.

पुढे माझी बदली झाली, तेव्हा निरोप घ्यायला गेलो. श्रावण होता. रेंजरांनी गावच्या तलावाच्या पाळीवर कुडाची झोपडी बांधली होती आणि तोच पांढरा सदरा घालून पाण्याकडे बघत बसले होते. समोर झाड नव्हतं, पाणी दूरवर पसरलेलं. बाईंनी दुरूनच हाक मारली, "या भाऊ, या आमच्या बेटावर!"

दाराशी ती तुळस होती, चांगली कमरेएवढी. मी गमतीनं म्हणालो, "बाई, तुळशीनं मात्र तुम्हाला फसवलं. चोराच्या मातीत धरली."

"नाई, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुळस काऊन फसवंल? माती आपलीच होती, म्हनून धरली."

चोर खोटं बोलतो ते मला नोकरीनं शिकवलं. चांगली माणसंही खरं लपवतात, आणि निव्वळ मायेपोटी लपवतात, हे त्या बाईंनी शिकवलं. त्यानंतर कुठल्याही घरात चौकशीला गेलो की मी आधी बाईमाणसाच्या मिटलेल्या मुठीकडे बघायचो, आणि ती उघडायला सांगताना माझा आवाज आपोआप खाली यायचा.