आठवी मिरची

भुताखेताच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून जाणारा माणूस. दातांचा डॉक्टर... जे आरशात दिसत नाही, त्यावर उपचार करत नाही! तरी हे लिहितोय, कारण आता कुणी हसलं तरी मला फरक पडत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. नंदुरबारजवळचं धानोरा, तेव्हा जिल्हा धुळे. बीडीएस झालो होतो आणि एमडीएसच्या प्रवेश परीक्षेसाठी घरी वाचत बसलो होतो. आई जाऊन चार महिने झाले होते.

आईला अक्षरओळख नव्हती, तरी माझं पाठांतर तीच घ्यायची. दुपारी अंगणात ती मिरच्यांचे देठ खुडायला बसे. मी आधी आकडा सांगायचा – मेंदूतून निघणाऱ्या नसा बारा, चावण्याचे स्नायू चार. तेवढ्या मिरच्या ती वेगळ्या काढायची. मी एक नाव घेतलं की एक देठ तुटायचा. नाव विसरलो की मिरची उरायची. मग लगेच, "एक ऱ्हायनी रे भाऊ!" वर ऐट – "तुन्हं इंग्रजी माले समजस नही, पन मिरच्या मोजता येतस."

त्या दुपारी मी एकटाच अंगणात बसून मानेतल्या धमनीच्या शाखा म्हणत होतो. वहीत होत्या तशा सातही घडाघडा म्हटल्या. आणि पाठीमागून, अगदी स्वच्छ –

"एक ऱ्हायनी रे भाऊ."

मी गर्रकन वळलो. मागे कुणीच नव्हतं. आत जाऊन जाडजूड पुस्तक उघडलं. शाखा आठ! वहीत उतरवतानाच मी एक गाळली होती.

त्यानंतर जिथे खरंच चुकायचो, तिथे आवाज यायचा. मीही मोठ्यानं उत्तरं द्यायला लागलो. एकदा थोरली बहीण, आक्का, दारात आली. "भाऊ, कोनासंगे बोली ऱ्हायना?"

सांगून टाकलं. वाटलं, वेड्यात काढेल. ती पदराला हात पुसत खाली बसली. "आते माय उनी तर माले बी बलाव ना रे."

तिला कधीच ऐकू आलं नाही. नुसती माझ्या तोंडाकडे बघत विचारायची, "उनी का?" – आली का आई?

पण अभ्यास पक्का होत गेला, चुका कमी झाल्या... आणि आवाजही. मी मोठा डॉक्टर व्हावं हा ध्यास आईचाच. आणि पाठ झालेलं प्रत्येक पान तिला माझ्यापासून लांब नेत होतं. देवाशप्पथ सांगतो, तेव्हा मला नापास व्हावंसं वाटलं.

मुंबईला निघायच्या दिवशी पेटी भरून झाल्यावर आम्ही दोघं अंगणात बसलो. मी बारा नसांतली एक मुद्दाम गाळली आणि थांबलो. काही नाही. मग धमनीच्या तीन शाखा गाळल्या.

"उनी का?" आक्कानं विचारलं.

मी मान हलवली. मग दोघंही लहान पोरांसारखी रडलो.

परीक्षा पास झालो. डॉक्टर मित्र म्हणतात, दुःखात मन असे खेळ करतं. असेलही. पण मनाचाच खेळ होता, तर तो त्या शेवटच्या दुपारी का नाही झाला? तेव्हा तर मला आई सगळ्यात जास्त हवी होती. याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.