आजीच्या पद्धतीची चटणी

कळमनुरीत आमच्या शेजारी राहणारा ड्रायव्हर नव्वदच्या दशकात सौदीहून परतला, तो तिथलं एक खाणं शिकूनच. उकडलेले काबुली चणे, तीळ आणि लसूण तो पाट्यावर वाटायचा, लिंबू पिळायचा आणि एक डोळा मिटून चाखायचा. "बराबर न्हाई," म्हणत आणखी एक लिंबू पिळायचा.

माझे वडील परदेशी पदार्थाला शिवत नसत. एकदा त्यानं वाटी त्यांच्यापुढं ठेवली.

"आमच्या आजीच्या पद्धतीची चटणी हाय, काका."

वडिलांनी तिच्यासोबत तीन भाकरी खाल्ल्या.

"याला म्हणतात आपल्या मातीची चव. तुझ्या सौदीत मिळती का?"

"न्हाई हो काका. तिथं कुठून मिळंल?"

त्याचा चेहरा इतका साळसूद होता, की क्षणभर मलाही ती आजी खरी वाटली.