विहिरीवरच्या कॅमेऱ्यातले दोन ठिपके

आकाशातून दगड पडेल का, याची काळजी करण्याबद्दल मला दर महिन्याला पगार मिळतो. (आमच्या घरात हेच काम आई गेली चाळीस वर्षं फुकट करते आहे, आणि तिचा आवाका माझ्यापेक्षा मोठा आहे.) मी पुण्यातल्या एका संस्थेत लघुग्रहांवर संशोधन करतो. म्हणजे आकाशाच्या एकाच तुकड्याचे लागोपाठ चार फोटो घ्यायचे, ते संगणकावर एकामागून एक फिरवायचे आणि कुठला ठिपका सरकतो ते बघायचं. जागचे हलत नाहीत ते तारे. सरकतो तो आपला. मग तो आला कुठून, चालला कुठे, पोचणार कधी, याचं गणित मांडायचं. माझ्या वार्षिक अहवालात 'ढगांमुळे निरीक्षण होऊ शकले नाही' हे वाक्य सगळ्यात जास्त वेळा येतं, आणि खरं सांगतो, त्या दिवशी मला फार निवांत वाटतं. मी जन्माचा भित्रा आहे.

गेल्या हिवाळ्यात रजा काढून कुंडलला घरी गेलो. गावात एकच विषय होता, बिबट्या. मलकापूरकडं म्हणे कुणाची शेळी नेली, पलूसच्या बाजूला म्हणे पंजाचे ठसे उमटले. उसातून बाहेर येणाऱ्या बिबट्याचा एकच व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर होता आणि जो तो तो आपल्याच शिवारातला म्हणून दाखवत होता. अंधार पडला की लोक दाराला कड्या लावून बसत. मी दुपारी चारलाच लावत होतो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी धाकटा भाऊ संतोष मोबाइल घेऊन माझ्याजवळ आला. शेती तोच बघतो. मोटारीची केबल चोरीला जाते म्हणून त्यानं विहिरीवर कॅमेरा बसवला होता. काही हललं की तो कॅमेरा लागोपाठ चार फोटो काढतो आणि मोबाइलवर पाठवतो.

“दादा, हे बघ जरा. तीन दिस झालं, ह्याच टायमाला येतंय. उसातनं.”

फोटोत काळोख होता आणि काळोखात, पाण्याच्या हौदाच्या कठड्याखाली, दोन चमकते ठिपके.

“कशाचे आहेत?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

“डोळं हायत, दुसरं काय? आता तूच सांग. तुझं कामच हाय की ठिपकं बघायचं.”

आता पळून जायची सोय राहिली नाही. मी लॅपटॉप उघडला, तीन दिवसांचे बारा फोटो फिरवले. हौदाच्या लांबीवरून वेग काढला. वेग अगदी कमी निघाला, म्हणजे प्राणी दबकत चालला होता. राहिला आकार. त्यात आमच्या धंद्यातली एक गोम आहे. दगड पांढरट असेल तर लहान असूनही चमकतो, काळा असेल तर मोठा असूनही फिकाच दिसतो. रंग माहीत नसला की मी आपला काळाच धरतो. इथंही तोच धरला, आणि बिबट्या सव्वानऊ फूट निघाला.

संतोषनं तो आकडा पुन्हा एकदा वाचला. “दादा, ह्यो बिबट्या हाय का रेडा?”

“काळा बिबट्या,” मी म्हणालो. “रोज पावणेसातला विहिरीवर असतो. दिशा आपल्या घराची. आज सात वाजून दहा मिनिटांनी परसदारी पोचेल.”

चहा घेऊन आलेली आई दारातच थांबली. “काय पोचंल?”

आम्ही सांगितलं. आईनं कप खाली ठेवला आणि आमच्या दोघांच्याही डोक्यात न आलेली गोष्ट सांगितली.

“आरं, पर तुमचं आप्पा भायेर हायत की.”

आप्पा, म्हणजे वडील, रोज पाच वाजता मारुतीच्या देवळात भजनाला जात. वय चौऱ्याहत्तर, गुडघे दुखरे, मोबाइल घरात खिळ्याला. संतोषनं मोटारसायकल काढली आणि दहा मिनिटांत परत आला. गाडी बंद करायचंही त्याला सुचलं नाही.

“आई, आप्पा देवळात न्हाईत. पुजारी म्हणतोय, आठ दिस झालं तकडं फिरकलंच न्हाईत.”

मी वनखात्याला फोन लावला. त्यांनी आम्ही निघालोय, तोवर कुणी उसात शिरू नका, असं बजावलं. एरवी हा सल्ला मी आनंदानं पाळला असता. पण त्या क्षणी मला जी भीती वाटली, तशी पृथ्वीच्या वाटेवर असलेला कुठलाही दगड बघून वाटलेली नाही. आप्पा कुठंतरी अंधारात एकटे होते, आणि त्या अंधारात काय चाललं आहे ते मी मिनिटासह सांगू शकत होतो.

बरोबर पावणेसातला संतोषचा मोबाइल वाजला. चार फोटो. दोन ठिपके. आज ते रोजच्यापेक्षाही खाली होते.

“शिकार घेऊन चाललंय काय रं?” संतोष म्हणाला, आणि आईकडं लक्ष जाताच कोयता आणायला आत वळला.

आम्ही परसात आलो. संतोषच्या हातात कोयता, आईच्या हातात चुलीतलं जळतं लाकूड, माझ्या हातात परात आणि लाटणं. (परात वाजवली की बिबट्या पळतो, असं मी वाचलं होतं.) सात वाजून नऊ मिनिटांनी बांधावरचा ऊस खसखसला. परात माझ्या हातातून पडली, आणि मी न्हाणीघराच्या पत्र्यावर होतो. कसा चढलो ते अजून माहीत नाही. तिथं शिडी नाही. आणि पुण्यात कमावलेली सगळी शुद्ध भाषा सोडून मी ओरडत होतो, “आई, माघारी ये! त्यो आलाय!”

आई माघारी आली नाही. लाकूड उंच धरून ती सरळ उसाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली आणि रडत हाक मारू लागली. “आवं, कुठं हाय तुमी? आवं, ओ द्या की!”

उसातला बिबट्या म्हणाला, “हितंच हाय की. वरडतीस कशाला?”

आणि आप्पा बाहेर आले. अंगावर काळं घोंगडं, कमरेत पार वाकलेले, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा आणि पोटाशी काकवीची भरलेली बाटली. आप्पांना साखरेचा आजार, आईनं घरातला गूळसुद्धा कुलपात ठेवलेला. ओढ्यापलीकडं बशीरभाईंचं गुऱ्हाळ सुरू झालं होतं. भजनाच्या नावाखाली आप्पा रोज तिथं गरम गूळ खात होते आणि रस्त्यानं कुणी बघू नये म्हणून उसातून, ओणव्यानं, घरी परतत होते. आज बाटलीच्या वजनानं जास्तच ओणवे.

आईनं आधी त्यांचा हात धरला, तो घट्ट दाबला, डोळे पुसले. मग बाटली काढून घेतली. पुढचा अर्धा तास ती जे बोलली, ते ऐकून खरा बिबट्या पलूसच्याही पलीकडं गेला असता. वनखात्याची गाडी आली तेव्हा तिचं बोलणं चालूच होतं. ती माणसं अदबीनं उभी राहून ऐकत होती.

मी अजून पत्र्यावरच होतो. हसू येत होतं की रडू, ते कळत नव्हतं. आप्पांनी मान वर केली.

“काय रं, नवा ठिपका दिसला तर तुमी पयल्यांदा काय करता?”

“आधीच माहीत असलेल्यांच्या यादीत बघतो, आप्पा.”

“मग मी कुठल्या यादीत हाय?”

गणितात एक मिनिटाची चूक निघाली होती. एवढ्यावर आमच्याकडं पाठ थोपटतात. फक्त बाप ओळखायचा राहिला होता.

मी पुण्याला परतताना आईनं माझ्या मोबाइलवरही तो कॅमेरा जोडून घेतला. रोज साडेसहाला तिचा फोन येतो, “बघ रं, तुझा बिबट्या कुठवर आलाय.” मग मी सूर्यमालेतले सगळे दगड बाजूला ठेवून ठिपके शोधत बसतो. पहिले दोन आठवडे काहीच दिसलं नाही. परवा मात्र चित्रात ना विहीर होती, ना हौद, ना ऊस. मी घाबरून घरी फोन केला. तो आप्पांनीच उचलला.

“म्याच फिरवलाय कॅमेरा. वर केलाय,” ते शांतपणे म्हणाले. तोंडात काहीतरी घोळत होतं. “तुझं काम आभाळात हाय. तितं बघ.”

मी बघितलं. एकही ढग नव्हता. आईला मात्र कळवलं, की ढगांमुळे निरीक्षण होऊ शकले नाही.